लोकल, स्टेज आणि ९० हजारांचा इअरफोन

प्रश्न थोडक्यात असा: "मी डोंबिवलीत राहतो, वय ३४. बीकेसीत अकाउंट्समध्ये नोकरी, हातात ५८,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता १९,०००, बाकी घरखर्च २६,०००. बचत खात्यात १,१०,००० आहेत, एक एसआयपी ५,०००ची. शनिवार-रविवारी आणि सीझनला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, कोरसही गातो. वर्षाला साधारण ३० नाइट होतात, नाइटचे २,५०० मिळतात. कानाच्या मापाचा इअरफोन परदेशी कंपनीकडून बनवून घ्यायचा विचार आहे, किंमत ६५,०००. कार्डावर घेऊन सहा हप्ते करीन. लोकलमध्ये रोज तीन तास जातात, तिथेही वापरता येईल. आतापर्यंत चार-पाच इअरफोन तुटले, हा दहा वर्षं टिकेल, म्हणजे वर्षाला ६,५००च पडतात. शिवाय मित्र म्हणतो, टॅक्समध्ये वजा होईल. कार्यक्रमानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, त्यावरही हाच उपाय म्हणतात. बायको म्हणते, त्यापेक्षा सोनं घे. काय करू?"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य ६५,०००चं नाही, शिट्टीचं आहे. तिच्याकडे मी येतो. आधी लोकल आणि स्टेज ही दोन कामं वेगळी करू, कारण तुमचा सगळा हिशोब ती एकाच वस्तूवर टाकल्यामुळे फसलाय.

कानाच्या मापाचा इअरफोन स्टेजसाठीच जन्माला आला. १९९५ साली जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असे इअरफोन बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. हेतू साफ होता: बाहेरचा गोंगाट कानाबाहेर ठेवायचा आणि वादकाला स्वतःचं वाद्य कमी आवाजात ऐकू द्यायचं. आता तेच साधन सकाळी ८ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर आणा. गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा ऐकू येणार नाही. मागून कोणी "दादा, आत सरका" म्हणालं तरी कळणार नाही. चढताना वायर कोणाच्या तरी सॅकच्या चेनमध्ये अडकेल. तुमचे आधीचे चार-पाच कशाने तुटले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं प्लगजवळ किंवा कानाजवळ वायर तुटली असणार. गर्दीत हेच होतं, मग वस्तू पाचशेची असो की ६५,०००ची. रूळ ओलांडताना कानात काहीही घालू नका, हे मी वेगळं सांगायला नको.

लोकलसाठी तीन-साडेतीन हजारांचे बिनवायरचे, नॉइज कॅन्सलिंगवाले (बाहेरचा गोंगाट दाबणारे) बड्स पुरतात. चाकांची आणि मोटरची सलग घरघर खालच्या पट्टीतली असते आणि हे तंत्र नेमकं तिथेच चांगलं चालतं. माणसांचं बोलणं, फेरीवाल्याची हाक त्यातून बरीचशी आत येते, आणि ट्रेनमध्ये ते आलेलंच बरं. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, बदलून मिळत नाही, म्हणून यात जास्त पैसे घालू नका. एक बड दाराशी पडला तरी रात्रीची झोप उडू नये, इतपतच किंमत असावी. डोक्यावरचा मोठा, कान झाकणारा हेडफोन मुंबईकराला मी सहसा सुचवत नाही. मे महिन्यात कान भिजतात आणि कृत्रिम चामड्याच्या गाद्या दमटपणाने सोलवटून शर्टावर काळे तुकडे पडतात. घरी रात्री कीबोर्डचा रियाज करायला मात्र बंद पाठीचा (बाहेरची बाजू बंद असलेला) मोठा हेडफोनच उत्तम. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१चा मॉडेल अजून स्टुडिओत दिसतो, कारण त्याची वायर, गाद्या असं सगळं बदलता येतं. उघड्या पाठीचे हेडफोन ऐकायला मोकळे वाटतात, पण त्यांतून आवाज बाहेर सांडतो. वन बीएचकेत घरचे झोपलेले असताना त्यांचा उपयोग नाही.

आता स्टेज. इथे बिनवायरचे बड्स बादच. ब्लूटूथमधून आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण पट्टी दाबल्यावर सूर मागाहून आला तर वाजवणंच अशक्य. म्हणजे वायरवाला इन-इअर, कानाच्या नळीत बसणारा इअरफोन हवा. प्रश्न इतकाच की तो मापाचा हवा की रबरी किंवा फोमच्या टोकाचा तयार मिळणारा.

यात बहुतेक लोक चुकीच्या ठिकाणी तुलना करतात. आवाजाचा दर्जा आतल्या ड्रायव्हरवर (म्हणजे चिमुकल्या स्पीकरवर) आणि ट्यूनिंगवर ठरतो. बऱ्याच कंपन्या तेच मॉडेल तयार आणि मापाचं अशा दोन्ही रूपांत विकतात, आतली यंत्रणा सारखीच. मापाच्या कवचाने मिळतात त्या दोन गोष्टी: कान घट्ट बंद होण्याची खात्री आणि तासन्‌तास घातल्यावर न दुखणं. कान नीट बंद झाला नाही तर आधी बास गायब होतो, मग माणूस आवाज वाढवतो. पण चांगल्या फोमच्या टोकाने कान नीट बंद होत असेल, तर बाहेरचा गोंगाट मापाच्या कवचाइतकाच अडतो. शुअर एसई२१५ सारखे नऊ-दहा हजारांच्या आसपासचे तयार इन-इअर वादक वर्षानुवर्षं वापरतात. त्यांची वायर सुटी होते, तुटली तर तेवढीच बदलायची. "तुटतात" ही तुमची तक्रार इथेच मिटते.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मी मान्य करतो. तुम्ही कोरस गाता. तोंड उघडलं की जबड्याबरोबर कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि तयार टोक सैल होऊ शकतं. गायकांना मापाचा इअरफोन लागतो तो यामुळे. शिवाय काहींची नळी इतकी अरुंद किंवा वळणदार असते की कुठलंच टोक तासाभराच्या वर सहन होत नाही. तुम्ही त्यांतले आहात का, हे घालून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि ते पाहायला ६५,००० लागत नाहीत.

आणि खरा खर्च ६५,००० नाहीच. परदेशी चलनात कार्ड वापरल्यावर बँक साधारण साडेतीन टक्के घेते आणि त्यावर जीएसटी, मिळून २,७०० च्या आसपास. माल आला की सीमाशुल्क आणि जीएसटी. मी अशा खरेदीला एकूण तीस टक्के धरून चालतो, म्हणजे १९,५००. कानाचा ठसा इथेच ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) घ्यायचा, त्याचे पैसे वेगळे, तो पाठवायचं कुरिअर वेगळं. बेरीज ९०,००० च्या घरात जाते. माप सैल निघालं तर पहिल्या काही आठवड्यांत कंपनी बहुधा फुकट दुरुस्त करून देते, पण पाठवणं-आणणं तुमच्या खर्चाने. परत येताना कागद नीट नसतील तर दुरुस्तीच्या मालावरही शुल्काची मागणी होऊ शकते.

सहा हप्ते केले आणि बँकेने १६ टक्के लावले तर ९०,००० वर व्याज सुमारे ४,२००, त्यावर जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क. झाले पाच हजार, म्हणजे दोन नाइटची पाकिटं नुसती हप्त्याच्या सोयीसाठी.

दहा वर्षांचा भागाकारही मी मानत नाही. वजन आठ-दहा किलोंनी बदललं, वय वाढलं, की कानाची नळी बदलते आणि कवच सैल होतं. वायर घामाने आधी जाते. आवाजाची भोकं कानातल्या मळाने बुजतात, ती रोज पुसावी लागतात. आपल्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेल ठेवलं नाही तर ओल आत शिरते. मी पाच वर्षं धरीन. वर्षाला १८,००० पडतात, ६,५०० नव्हे.

आणि पाच वर्षांनी विकायला काढलात तर? दुसऱ्याची कवळी कोण विकत घेतं? तुमच्या पत्नीने सोन्याचं नाव काढलं त्यात हाच व्यवहार दडलाय: सोनं अडीअडचणीला मोडता येतं, हा इअरफोन नाही. सोनं घ्या असं मी म्हणत नाही, पण त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. तयार मिळणारा चांगला इन-इअर निदान निम्म्या किमतीला तरी जातो.

ऑर्केस्ट्राच्या उत्पन्नाशी ताळा घाला. नाइटचे २,५००, पण गडकरी रंगायतन असो की पार्ल्याचं दीनानाथ, कार्यक्रम सुटायला उशीर होतो आणि कीबोर्ड घेऊन रिक्षा-टॅक्सी करावी लागते. खाणंपिणं धरून हातात १,८०० उरतात असं समजू. ९०,००० भागिले १,८०० म्हणजे ५० नाइट. दीड वर्षाहून जास्त काळ तुम्ही इअरफोनसाठी वाजवणार. दरवर्षी शंभर सुपाऱ्या वाजवणाऱ्या पूर्णवेळ वादकाने हेच विचारलं असतं तर मी ठसा घ्यायला लगेच पाठवलं असतं.

टॅक्सबद्दल मित्राचं अर्धंच बरोबर आहे. नाइटचं मानधन पगाराबाहेरचं व्यावसायिक उत्पन्न आहे, ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं आणि साधा आयटीआर-१ फॉर्म तुम्हाला चालत नाही. खर्च वजा होऊ शकतो तो फक्त त्या उत्पन्नातून, तोही घसारा म्हणून थोडाथोडा. त्यातून तोटा दिसला तरी तो पगारातून वजा करता येत नाही. अनुमानित उत्पन्नाची पद्धत (मिळकतीचा ठरावीक भाग नफा धरायची) घेतली तर इअरफोनचा खर्च वेगळा मागताच येत नाही. थोडक्यात, सरकार तुमच्या इअरफोनचे पैसे भरणार नाही. सीएला एकदा विचारा, पण त्या आशेवर खरेदी ठरवू नका.

आता शिट्टी. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेचा मापदंड सांगतो की ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ डेसिबलला तासभरच उरतो, आणि तुमचा कार्यक्रम तीन तासांचा, शेजारी ऑक्टोपॅड, समोर मॉनिटर स्पीकर. रात्रभर वाजणारी शिट्टी ही कानाने दिलेली नोटीस आहे. आतल्या संवेदनशील पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. श्रवणयंत्राची जोडी हजारोंपासून लाखांपर्यंत जाते आणि बहुतेक आरोग्य विम्यांत तिचा खर्च मिळत नाही. ३४व्या वर्षी ऐकणं हे तुमचं कमाईचं साधन आहे, एसआयपीपेक्षा मोठं. तेव्हा पहिला खर्च ऑडिओमेट्रीचा, म्हणजे श्रवणचाचणीचा. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाक्-श्रवण संस्था आहे, बीकेसीहून लांब नाही. तिथे किंवा तुमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे या महिन्यातच जा. आणि "हाच उपाय" म्हणणाऱ्यांना सांगा की इअरफोन कितीचाही असो, आवाज तुम्ही कमी केलात तरच कान वाचतो. एक कान मोकळा ठेवून वाजवायची सवय अनेकांना लागते. तसं केलं की दुसऱ्या कानातला आवाज आपोआप चढतो आणि खर्च वाया जातो.

आणखी एक खर्च तुमच्या पत्रात नाहीच. इअरफोनमध्ये मिक्स येणार कुठून? साउंडवाल्याने मिक्सरच्या ऑक्समधून (जादा आउटपुटमधून) तुम्हाला वेगळी फीड द्यायला हवी आणि ती कानापर्यंत आणायला छोटा पर्सनल अॅम्प. कीबोर्डवाला एका जागी उभा असतो, म्हणून वायरवाला चार-सहा हजारांचा पुरतो. तुमच्या ग्रुपचा साउंडवाला ऑक्स द्यायला तयार नसेल तर मापाचा इअरफोन पिशवीतच राहील. आधी त्याच्याशी बोला.

तर मी असं करीन: तयार इन-इअर ९,०००, अॅम्प ५,०००, फोमची टोकं आणि जादा वायर १,५००, लोकलचे बड्स ३,५००. एकूण १९,०००, रोखीने, हप्ते न करता, तेही दोन टप्प्यांत. बचतीत ९१,००० उरतात. हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ४५,०००, म्हणजे दोन महिन्यांचीच तरतूद. ती निदान चार महिन्यांवर, १,८०,००० वर जाईपर्यंत मोठी खरेदी नको. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट यांच्या पाकिटांतलं निम्मं वेगळ्या खात्यात टाका आणि पगाराच्या खात्यात मिसळू देऊ नका.

तीन-चार कार्यक्रम तयार इन-इअरवर काढा. वेगवेगळ्या मापांची टोकं लावून बघा. कोरस गाताना तरीही सुटत असेल किंवा मध्यंतरापर्यंत कान दुखत असेल, तर त्याच इअरफोनला बसणारं कानाच्या मापाचं सिलिकॉनचं टोक काही ऑडिओलॉजिस्ट काही हजारांत करून देतात. गायकाची अडचण बहुतेक वेळा तिथेच सुटते. त्यानेही भागलं नाही, नाइट ५०च्या पुढे गेल्या आणि तरतूद भरली, तर पूर्ण मापाचा जरूर घ्या. गणपतीत हवा असेल तर ठसा एप्रिल-मेमध्ये द्या, बनून यायला आणि एकदा दुरुस्त व्हायला वेळ लागतो. ठसा घेणाऱ्याला तुम्ही गाता हे आधीच सांगा. तो दातांमध्ये ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवून ठसा घेईल. त्याआधी कानातला मळ काढून घ्या, आणि ठसा नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत पोचलाय ना, हे तिथेच विचारा.