ओकिनावाचं वृत्तपत्र वाचायला घेताना

जपानी वृत्तपत्रं नुकतीच वाचायला लागला आहात, तर 'र्‍युक्यू शिम्पो' हे ओकिनावाचं दैनिक डावं की उजवं हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आसाही हे राष्ट्रीय दैनिक डावीकडे, सांकेई उजवीकडे ही तोक्योची मोजपट्टी ओकिनावाच्या राजधानीत, नाहात, अपुरी पडते.

जपानच्या भूभागात दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचा वाटा जेमतेम ०.६ टक्के. पण केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या लष्करी जमिनीपैकी सुमारे ७० टक्के तिथेच आहे. १९४५ च्या लढाईत दर चार रहिवाशांपैकी एक जण गेला, असं मानलं जातं. युद्धकाळात सरकारी धोरणाने तिथली पत्रं एकत्र करून एकच 'ओकिनावा शिम्पो' उरलं होतं आणि ते लष्कराचीच भाषा बोलायचं. १९४८ मध्ये 'ओकिनावा टाइम्स' हे तिथलं दुसरं मोठं दैनिक काढणाऱ्यांत त्याच पत्रातले जुने लोक होते. हा सल माहीत नसेल तर अग्रलेखांतला अमेरिकी लष्करी तळांचा विरोध नुसता पक्षीय वाटतो. मला तो तसा वाटत नाही. २०१९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी अमेरिकी तळासाठी हेनोको इथे समुद्रात घालायच्या भरावाला नकार दिला होता.

तरी एकाच पत्रावर विसंबू नका. ओकिनावातल्याच इशिगाकी बेटाचं 'याएयामा निप्पो' पुराणमतवादी बाजूने लिहितं. इशिगाकीच्या परिसरातल्या बेटांना सेनकाकू बेटांवरून जपान-चीनमध्ये असलेला वाद अगदी दाराशी आहे. एकच बातमी दोन्हीकडे वाचा, कुणाचं म्हणणं आधी छापलंय ते बघा. आणि 'शासेत्सु', म्हणजे अग्रलेख, बातमीपासून वेगळा काढून वाचायची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावा.