पणजोबांची मुलाम्याची रायफल: लोहाराकडे नेण्याआधी

सातारा जिल्ह्यातील एका वाचकाचा प्रश्न असा: वाड्याच्या माळ्यावर पणजोबांची मार्टिनी-हेन्री रायफल सापडली. ते संस्थानच्या पलटणीत होते. रायफलीवर निकेलचा मुलामा आहे, तो जागोजागी उडालाय. परवाना आजोबांच्या नावे होता. ते वारून बरीच वर्षं झाली. शंभर वर्षांपुढच्या हत्याराला परवाना लागत नाही, असं गावात सांगतात. मग ओळखीच्या लोहाराकडून दुरुस्त करून ती खंडेनवमीच्या पूजेत मांडावी आणि दसऱ्याला एक बार काढावा, हे चालेल का? पोलिसांना कळवलं तर अटक होईल, अशी भीतीही वाटते.

नाही चालणार. गावातला हा समज शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मधून आला असावा. त्यात कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा अवस्थेत असावं लागतं. वयाचा आकडा तिथे नाहीच. तुमची रायफल दुरुस्त होऊन बार काढू शकते, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे सूट तिथेच संपली.

आजोबांचा परवाना वारशाने तुमच्याकडे येत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आहे. लोहाराचं काय? परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा कलम 5 चा भंग, आणि त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. काम सांगणारा म्हणून तुम्हीही त्यात ओढले जाल. त्या गरीब माणसाला कृपा करून यात गुंतवू नका.

आता काय करायचं ते सांगतो. रायफलीचा चाप ओढून पाहू नका, नळी कोणाकडे रोखू नका. आजोबांचा जुना परवाना, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती हे कागद जमवा आणि वकिलासोबत पोलीस ठाण्यात जाऊन रायफल जमा करा, पावती घ्या. अटकेची भीती तुम्ही लिहिली आहे. धोका शून्य आहे, असं मी म्हणणार नाही; पण कलम 3 च्या, म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या, गुन्ह्यात खटला भरण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि झडतीत सापडण्यापेक्षा स्वतः आणून देणं फार वेगळं ठरतं. मग वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करा. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, हे ध्यानात असू द्या.

परवाना मिळाला तरी बार काढण्याची घाई नको. ही रायफल ब्रिटिश सैन्यात 1871 मध्ये आली, काळ्या दारूच्या काडतुसासाठी. आजची धूरविरहित दारू तिच्यात भरणं जिवाशी खेळ आहे. शिवाय मुलाम्याखाली गंजाचे खड्डे आणि बारीक तडे झाकलेले असू शकतात. वरची चकाकी नळीबद्दल काहीच सांगत नाही. परवानाधारक कारागिराकडून नळी आणि खटका तपासून घ्या. काडतूस घरी भरणं हेही विनापरवाना उत्पादनच. आणि दसऱ्याच्या गर्दीतला बार? लोकांच्या जिवाला धोका होईल अशा उत्सवी गोळीबाराला कलम 25(9) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुलामा खरवडू नका, घासूनपुसून अंक आणि शिक्केही घालवू नका. ओळख पुसलेल्या बंदुकीवर वेगळा गुन्हा लागू शकतो. जमा करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि पावतीवर रायफलीचा क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.