आधी त्यांना ऐकतं कर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. संशोधक आणि सामान्य लोक यांची गाठ घालून देणाऱ्या विद्यापीठाच्या लोकसहभाग कक्षात तू रुजू झालीस हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘संशोधकांना सोपं बोलायला कसं शिकवू?’ असं तू विचारलं आहेस. त्याबद्दल लिहीनच, पण तो या कामाचा नंतरचा भाग आहे. संशोधकाला बोलतं करण्याआधी ऐकतं करावं लागतं. ते झालं नाही, तर कितीही सोपं बोललं तरी ते वाया जातं. असं का म्हणते, ते एका उदाहरणातून सांगते.

एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. मेच्या सुरुवातीच्या पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम इंग्लंडच्या वायव्येला, कम्ब्रियाच्या डोंगरांवर उतरलं. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी आणली. तज्ज्ञ म्हणाले, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. हा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरून बांधलेला होता. तशा मातीत सीझियम अडकून राहतं. डोंगरावरची माती मात्र आम्लधर्मी, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. तिथे ते मोकळंच राहिलं आणि गवतातून पुन्हा पुन्हा मेंढ्यांच्या अंगात जात राहिलं. शेवटच्या शेतांवरची बंदी उठायला 2012 साल उजाडलं.

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या मेंढीपालकांशी बोलून या प्रकरणाचा अभ्यास केला. त्यातला एक प्रसंग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. बेंटोनाइट ही एक प्रकारची चिकणमाती पसरून सीझियम रोखता येतं का, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी जमिनीचे तुकडे कुंपणाने बंदिस्त केले आणि त्यात मेंढ्या ठेवल्या. मेंढीपालक म्हणाले, आमच्या मेंढ्या उघड्या डोंगरावर हिंडणाऱ्या. कोंडल्या की खंगतात, मग तुमच्या मोजमापाला अर्थ काय राहणार? त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे नेमक्या त्याच कारणाने तो प्रयोग सोडून द्यावा लागला. सीझियमचं रसायनशास्त्र शास्त्रज्ञांना उत्तम येत होतं. मेंढी ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय आधी ठामपणे सांगितलेलं फिरवावं लागलं, त्यात लोकांचा विश्वास गेला तो वेगळाच.

म्हणून एखादे प्राध्यापक ‘मला लोकांसाठी व्याख्यान द्यायचंय’ म्हणत तुझ्याकडे आले, की सभागृहाची तारीख बघायच्या आधी त्यांच्यासोबत तासभर बस. या विषयाची झळ कुणाला लागते? यातलं काही तुमच्याआधी कुणाला कळलेलं असेल का? आणि लोकांनी काही सांगितलं, तर तुमच्या संशोधनात अजून काय बदलू शकतं? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण थबकतात. थबकू दे. काहीच बदलणार नसेल तर तसं मोकळेपणाने ठरवा: हे माहिती देणारं व्याख्यान आहे. त्यात कमीपणा नाही, उत्तम व्याख्यान ही मोठी गोष्ट आहे. पण सगळं ठरून गेल्यावर लोकांना बोलवायचं आणि त्याला ‘सल्लामसलत’ म्हणायचं, याला तू ठाम नकार दे. शेरी अर्न्स्टीन या अमेरिकी अभ्यासिकेने 1969 मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली: जितकी वरची पायरी, तितकी लोकांच्या हाती निर्णयाची सत्ता जास्त. दिखाव्याच्या सहभागाला त्यात खऱ्या भागीदारीच्या खालची जागा आहे. ती शिडी समोर ठेवून प्रत्येक प्रस्ताव वाच.

लोकांकडून खरंच काही मिळतं का, असं विचारणारेही भेटतील. त्यांना ‘गॅलेक्सी झू’बद्दल सांग. 2007 मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी लाखो दीर्घिकांची छायाचित्रं कुणालाही वर्गवारीसाठी खुली केली. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एक विचित्र चमकता ढग दिसला. तो काय आहे, असं तिने विचारलं आणि त्यातून संशोधनाचा नवा विषय उभा राहिला. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की तिच्या प्रश्नाकडे लक्ष देणारं पलीकडे कुणीतरी होतं.

आता संशोधकांबद्दल. ते टाळाटाळ करतात तेव्हा त्यांना लोकांची पर्वा नाही, असं चटकन ठरवू नकोस. शोधनिबंध, अनुदान आणि बढती यांच्या हिशेबात हे काम बहुतेक ठिकाणी धरलंच जात नाही. सर्वांत जास्त ओझं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवर पडतं, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणून अनुदानाचा प्रस्ताव लिहिला जात असतानाच तू तिथे हवीस: लोकसहभागाचा खर्च, त्यासाठीचा वेळ आणि सहभागी होणाऱ्या लोकांचं मानधन त्यात आधीच घातलेलं असू दे. वार्षिक मूल्यमापनात या कामाची नोंद व्हावी म्हणून विभागप्रमुखांकडे पाठपुरावा कर. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे फोटो निघत नाहीत, पण टिकतं तेच. वादग्रस्त विषयावर बोलणाऱ्याला शिवीगाळ झाली तर विद्यापीठातलं कोण त्याच्या पाठीशी उभं राहील, हेही कार्यक्रमाआधी ठरवून ठेव. आणि ज्याला व्यासपीठ नको आहे त्याला ढकलू नकोस. चार जणांशी टेबलाभोवती बसून सुरेख बोलणारी माणसं पुष्कळ असतात.

राहता राहिलं बोलणं. ते शिकता येतं. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे त्यांच्या काळातले नावाजलेले वक्ते, पण त्यांनी वक्तृत्वाची रीतसर शिकवणी घेतली होती. व्याख्यान देताना ते ‘हळू’ असं लिहिलेलं कार्ड समोर ठेवत. बोलण्याच्या भरात त्याकडे दुर्लक्ष होऊन वेग वाढला, की ते कार्ड पुन्हा त्यांच्यासमोर धरायचं काम त्यांचा मदतनीस अँडरसन करायचा. तालमीत तू शेवटच्या रांगेत बस आणि जिथे तुझं लक्ष सुटलं ती वाक्यं लिहून काढ. संशोधकाला ती यादी एकांतात दे, चारचौघांत नको.

किती माणसं आली, हा आकडा वरिष्ठ मागतीलच, तो दे. त्याच्या शेजारी मात्र आणखी एक रकाना ठेव: या कार्यक्रमानंतर संशोधकाने आपल्या कामात काय बदललं? सुरुवातीला तो बराच रिकामा राहील. तरी तो काढून टाकू नकोस, अहवालात रिकामाच दाखव. पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा झाला की मला पाठव. मी तो सावकाश वाचून उत्तर लिहीन.

तुझी,
ताई