कम्युनिस्ट पक्ष नेमका कधी स्थापन झाला: १९२० की १९२५?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका पुस्तकात भारतातल्या कम्युनिस्ट पक्षाची स्थापना १७ ऑक्टोबर १९२० ला ताश्कंदमध्ये झाली असं दिलंय, दुसऱ्यात २६ डिसेंबर १९२५ ला कानपूरमध्ये. यातलं खरं कोणतं?

परीक्षेसाठी विचारत असाल तर डोळे झाकून १९२५, कानपूर लिहा. शाळेच्या पुस्तकांत आणि बहुतेक गाइडांत तेच असतं. परीक्षेचा संबंध नसेल तर पुढे वाचा, कारण मला स्वतःला दोन्ही तारखा पटत नाहीत.

दोन्ही घटना घडल्या, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. त्यातली कुठली 'स्थापना' मानायची एवढाच वाद आहे, आणि तो इतिहासकारांपेक्षा दोन पक्षांमधला जास्त आहे. भाकप (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) १९२५ धरतो, १९६४ मध्ये त्यातून फुटलेला माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) १९२०. त्यामुळे माकपची शताब्दी २०२० मध्येच उरकली आणि भाकपची डिसेंबर २०२५ मध्ये आली. एकाच पक्षातून निघालेल्या दोन पक्षांची शंभरी पाच वर्षांच्या फरकाने भरली. बाहेरच्याला गंमत वाटते, आतल्यांना अजिबात वाटत नाही.

आधी ताश्कंद. मानवेंद्रनाथ रॉय, मूळचे नरेंद्रनाथ भट्टाचार्य, हे बंगालच्या सशस्त्र क्रांतिकारी गटातले. १९१५ मध्ये जर्मनांकडून शस्त्रं मिळवायच्या खटपटीत ते देशाबाहेर पडले, फिरत फिरत अमेरिकेत आणि तिथून मेक्सिकोत पोचले. १९२० च्या उन्हाळ्यात कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेच्या, दुसऱ्या काँग्रेसला ते हजर होते ते मेक्सिकोच्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून. वसाहतींमधल्या राष्ट्रीय चळवळींना कम्युनिस्टांनी किती पाठिंबा द्यावा, यावर त्यांनी तिथे खुद्द लेनिनशी वाद घातला. लेनिनचं म्हणणं, पाठिंबा द्या. रॉय यांचं म्हणणं, तिथल्या भांडवलदार पुढाऱ्यांवर फार भिस्त ठेवू नका. शेवटी लेनिनच्या प्रबंधाबरोबर रॉय यांचा पूरक प्रबंधही मंजूर झाला. हा वाद ध्यानात ठेवा. गांधी आणि काँग्रेसशी कसं वागायचं हा प्रश्न पुढे या पक्षाच्या मानेवरून कधी उतरलाच नाही.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ताश्कंदला बैठक झाली. हजर होते सात जण: रॉय, त्यांची अमेरिकन पत्नी एव्हलिन ट्रेंट, अवनी मुखर्जी, त्यांची रशियन पत्नी रोझा फिटिंगॉफ, एम. पी. टी. आचार्य, महंमद अली आणि महंमद शफीक. शफीक सचिव झाले. इंटरनॅशनलची तत्त्वं मान्य करण्यात आली, नव्या सभासदासाठी तीन महिन्यांची उमेदवारी ठरली. कागदावर सगळं रीतसर.

फक्त हा पक्ष ज्या देशाचा, तो देश पामीरच्या पलीकडे होता. पक्षाला जे तरुण मिळाले ते प्रामुख्याने खिलाफतीच्या काळात हिजरत करून, म्हणजे धर्मासाठी देश सोडून, अफगाणिस्तानात गेलेले मुहाजिर. घरून निघताना त्यांच्या डोक्यात मार्क्स नव्हता, तुर्की खलिफा होता. ताश्कंदच्या लष्करी शाळेत त्यांना शिकवायला सुरुवात झाली, पण १९२१ मध्ये रशियाने इंग्लंडशी व्यापारी करार केला. ब्रिटिशांविरुद्ध चिथावणी द्यायची नाही अशी त्यात अट होती, आणि शाळा गुंडाळली गेली. काहींना मॉस्कोच्या विद्यापीठात पाठवलं. त्यांतले जे डोंगर तुडवत परत यायला निघाले त्यांच्यातले बरेच जण सरहद्दीवर पकडले गेले आणि १९२२ ते १९२७ या काळात पेशावरला त्यांच्यावर एकामागून एक कटाचे खटले चालले. या मुलांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं. ताश्कंदच्या बाजूने मनापासून काही म्हणावंसं वाटलं तर मी ठरावाचं नाव घेणार नाही, या मुलांचं घेईन.

आता देशात काय चाललं होतं ते बघू. १९२१ मध्ये मुंबईत श्रीपाद अमृत डांगे या विशीतल्या तरुणाने 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती रॉय यांच्या सांगण्यावरून लिहिलेली नव्हती. ताश्कंदशी तेव्हा त्याचा संबंधच नव्हता. रणछोडदास लोटवाला या धनिकाने त्याला पुस्तकं आणि पैसा पुरवला, आणि ऑगस्ट १९२२ मध्ये 'सोशलिस्ट' हे साप्ताहिक निघालं. कलकत्त्यात मुझफ्फर अहमद, मद्रासमध्ये सिंगारवेलू, लाहोरमध्ये गुलाम हुसेन, असे सुटे सुटे गट उभे राहत होते. रॉय बर्लिनहून पत्रं आणि छापील अंक पाठवत होते, आणि टपालातलं बरंचसं पोलीस आधी वाचत होते.

त्या पत्रांच्याच आधारावर १९२४ चा कानपूर बोल्शेविक कटाचा खटला उभा राहिला. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षं. आरोप काय, तर बादशहाचं हिंदुस्थानावरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट. चार जणांनी आणि एका टपालपेटीने! पण वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने छापून आले आणि ज्यांनी बोल्शेविक हा शब्द ऐकला नव्हता त्यांच्याही कानावर तो गेला.

यातून सत्यभक्त नावाच्या गृहस्थांनी एक चतुर निष्कर्ष काढला. नुसतं कम्युनिस्ट असणं हा काही या खटल्यात गुन्हा ठरला नव्हता. मग उघड, कायदेशीर पक्ष का काढू नये? त्यांनी तो काढला, आणि डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा त्याच गावात कम्युनिस्टांची परिषद बोलावली. अध्यक्ष सिंगारवेलू. स्वागताध्यक्ष मौलाना हसरत मोहानी, ज्यांनी चार वर्षांपूर्वी अहमदाबाद काँग्रेसमध्ये गांधींच्या विरोधाला न जुमानता संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला होता. डांगे तुरुंगात. मुझफ्फर अहमद मात्र क्षयामुळे लवकर सुटले होते, ते आले.

परिषदेत लगेच भांडण झालं. सत्यभक्तांना पक्ष राष्ट्रीय हवा होता, मॉस्कोच्या इंटरनॅशनलशी न बांधलेला. बाकीच्यांना इंटरनॅशनलच्या रिवाजानुसार 'कम्युनिस्ट पार्टी ऑफ इंडिया' हवी होती. सत्यभक्त हरले, बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा राष्ट्रीय कम्युनिस्ट पक्ष जाहीर केला. म्हणजे ज्यांनी बोलावणं धाडलं तेच मांडवातून निघून गेले. चिटणीस म्हणून स. वि. घाटे आणि जानकीप्रसाद बगरहट्टा यांची निवड झाली. यातल्या दुसऱ्यांवर पुढे पोलिसांचा खबऱ्या असल्याचा संशय घेतला गेला आणि त्यांना जावं लागलं. घाटे टिकले. कानपूरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे घाटेच, असं मला वाटतं, कारण तिथे निवडलेलं केंद्र पुढे खरोखर चाललं आणि मे १९२७ मध्ये मुंबईच्या बैठकीत त्याने पक्षाची घटना मंजूर केली.

तरीही या दोन्ही तारखांना ज्याला पक्ष म्हणता येईल असं काही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. माझ्या लेखी तो उभा राहिला १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरणगावात.

त्या काळी कम्युनिस्ट उघडपणे काम करत ते कामकरी शेतकरी पक्षाच्या नावाने. मुंबईत तो १९२७ च्या सुरुवातीला निघाला, त्याचं मराठी साप्ताहिक होतं 'क्रांती'. मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे आणि मग तुरुंगातून सुटलेले डांगे अशी ही मंडळी. बहुतेक पांढरपेशे, गिरणीत कधी काम न केलेले. गिरण्यांतली जुनी संघटना होती ती अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारख्या खऱ्याखुऱ्या कामगारांची, गिरणी कामगार महामंडळ. मालकांनी एकेका विणकराला दोनाच्या जागी तीन साचे (माग) चालवायला लावायला सुरुवात केली, विणकरांच्या मजुरीला कात्री लागली, माणसं कमी होणार हे दिसू लागलं. एप्रिल १९२८ मध्ये संप पसरत गेला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने!

संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष आळवे, सरचिटणीस डांगे. पगार बंद असताना माणसं टिकवायची तर धान्यवाटप करावं लागतं, रोज सभा घ्याव्या लागतात, नवे बदली कामगार घुसू नयेत म्हणून पहाटे गिरणीच्या दारात उभं राहावं लागतं. ना. म. जोशींसारख्या मवाळ पुढाऱ्यांबरोबर एका संप समितीत बसावं लागतं. हे सगळं या मुठभर मंडळींना करता आलं, आणि वर्ष संपता संपता युनियनचे सभासद ५० हजारांवर गेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिरण्यागिरण्यांतून कामगारांच्या गिरणी समित्या उभ्या राहिल्या. तोवर कामगाराचं बरंवाईट जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हातात असायचं. आता खात्यातली तक्रार समितीत जायला लागली. लालबाग-परळमध्ये लाल बावटा हा शब्द घरोघरी पोचला तो इथून, ताश्कंदहून नव्हे.

याच संपातली एक गोष्ट पक्षाच्या इतिहासात फार दबक्या आवाजात सांगितली जाते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ होई. डॉ. आंबेडकरांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं: आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क युनियन मागणार नसेल तर त्यांनी संपात का पडावं? वर्गाचं राजकारण करणाऱ्यांना जातीचा प्रश्न असा पहिल्याच मोठ्या लढ्यात भेटला होता. त्याचं उत्तर त्यांनी नीट दिलं असतं तर महाराष्ट्रातलं पुढचं राजकारण वेगळं दिसलं असतं, असं मी मानतो. तुम्ही असहमत असू शकता.

सरकारला मात्र पक्ष जन्मला की नाही याबद्दल शंका नव्हती. २० मार्च १९२९ ला देशभर एकाच दिवशी धरपकड झाली. मेरठ कटाच्या खटल्यात शेवटी ३२ आरोपी होते, त्यांत स्प्रॅट, ब्रॅडली आणि हचिन्सन हे तीन इंग्रज. खटला मुंबई-कलकत्ता सोडून मेरठला नेला कारण तिथे ज्यूरी लागत नव्हती. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. मुझफ्फर अहमदांना जन्मठेप, डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, स्प्रॅट यांना बारा बारा वर्षं. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने शिक्षा एकदम खाली आणल्या. आरोपींतले वयोवृद्ध धुंडिराज ठेंगडी निकालाआधीच वारले.

मेरठने पक्षाला प्रसिद्धी दिली, पण बाहेर राहिलेल्यांची दैना झाली. इंटरनॅशनलने १९२८ नंतर अतिडावं वळण घेतलं होतं. काँग्रेस म्हणजे शत्रूच. त्यामुळे १९३० च्या कायदेभंगात लोक लाखोंनी रस्त्यावर असताना कम्युनिस्ट बाजूला पडले, आणि मुंबईत तर त्यांचे आपसातच गट पडले. सुटून आलेल्या मेरठवाल्यांनी डिसेंबर १९३३ मध्ये कलकत्त्यात बसून पुन्हा एक केंद्रीय समिती केली, सचिव डॉ. गंगाधर अधिकारी, जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट करून आलेले. जुलै १९३४ मध्ये सरकारने पक्षावर बंदी घातली, ती १९४२ मध्ये उठली. आणि पक्षाची पहिली काँग्रेस भरली १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत परळला. तोवर सभासद सुमारे १६ हजार झाले होते. आता सांगा, १९२० किंवा १९२५ मध्ये जन्मलेल्या पक्षाचं पहिलं अधिवेशन १९४३ मध्ये का?

मग तारखेवरून एवढी तेढ कशी आली? १९५९ मध्ये, पक्ष एकसंध असताना, केंद्रीय सचिवमंडळाने २६ डिसेंबर १९२५ हीच तारीख धरली होती आणि तेव्हा कुणी फारसं भांडलं नाही. नंतर चीनचं युद्ध झालं, मॉस्को-पेकिंग वाद टोकाला गेला. त्यात १९६४ च्या मार्चमध्ये डांगे यांच्या नावाची १९२४ ची पत्रं बाहेर आली. तुरुंगातून सुटकेच्या बदल्यात सरकारला मदत करायची तयारी त्यांत होती. डांगे म्हणाले, पत्रं बनावट आहेत. एप्रिलमध्ये ३२ जण राष्ट्रीय परिषदेतून उठून गेले आणि वर्षअखेर माकप वेगळा झाला. मुझफ्फर अहमद त्या बाजूला गेले, डांगे या बाजूला राहिले. मुझफ्फर अहमद कानपूरला स्वतः हजर होते, तरी त्यांनी ताश्कंदच खरं मानलं. ताश्कंद धरलं की पक्ष जन्मापासून आंतरराष्ट्रीय ठरतो. कानपूर धरलं की तो इथल्या मातीतला ठरतो. दोन्ही बाजूंना आपापल्या भांडणासाठी ते सोयीचं होतं.

रॉय यांचं काय झालं हेही लोक विचारतात. १९२९ मध्ये इंटरनॅशनलने त्यांना काढलं, १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले, १९३६ मध्ये सुटले आणि पुढे मार्क्सवादापासूनच लांब गेले. अवनी मुखर्जी स्टालिनच्या काळात मारले गेले. आचार्य अराज्यवादी झाले, मुंबईला परतले आणि १९५४ मध्ये हलाखीत वारले.

नक्षलबारीनंतर निघालेल्या माले (मार्क्सवादी-लेनिनवादी) गटांचा इतिहास मी मुद्दाम इथे घेतलेला नाही. तिथे तारीख स्पष्ट आहे, २२ एप्रिल १९६९, लेनिनची जन्मशताब्दी सुरू होताना. घोळ आहे तो नंतरच्या फुटींचा. त्यावर वेगळा प्रश्न टाकलात तर लिहीन.