समुद्राची वाळू तापीच्या वाळूसारखी नसते

नवरात्र संपलं की आमच्या धुळ्याच्या गॅरेजला ब्रेक, ऑइल, टायर तपासून घ्यायला गाड्या यायला लागतात, आणि दहातल्या पाच तरी कोकणात निघालेल्या असतात. या महिन्यात आलेले प्रश्नही बहुतेक तसलेच, म्हणून यावेळी बाकीचे बाजूला ठेवलेत आणि फक्त समुद्रकिनाऱ्याचे घेतलेत.

प्रश्न (एक वाचक, अमळनेर) : भाऊ, नमस्कार. भाऊबीज झाली की दोन गाड्या घेऊन दापोली, गुहागर करायचं ठरलंय, बायकापोरं धरून अकरा जण आहोत. शालकानं नवीन एसयूव्ही घेतलीय आणि त्याला बीचवर गाडी पळवून रील काढायचीय. मी नको म्हणतो तर तो म्हणतो आपण तापीच्या पात्रात ट्रॅक्टर, बोलेरो सगळं चालवलंय, तिथं काही झालं नाही तर इथं काय होणार, गाडीला दोनशे मिलिमीटरचं ग्राउंड क्लिअरन्स आहे, म्हणजे पोट जमिनीपासून तेवढं उंच. तुम्हीच सांगा काय ते.

उत्तर : दादा, आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मग. नेऊ नका. हवं तर शालकाला हे पान वाचायला द्या.

ग्राउंड क्लिअरन्स दोनशे असो की सव्वादोनशे, चाक रुतायला लागलं की तो आकडा दोन मिनिटांत संपतो. खरं बघायचं ते इंजिनची ताकद कुठल्या चाकांना जाते ते. आज एसयूव्ही म्हणून ज्या फिरतात त्यातल्या बऱ्याचशा, क्रेटा घ्या, नेक्सॉन घ्या, ब्रेझा घ्या, फक्त पुढच्या दोन चाकांवर ओढतात. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत बॅगा भरल्या की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि वाळूत नुसती जागेवर फिरत राहतात. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांवर ओढणारी, ज्यांच्याकडे आहे त्यांचीही गाडी अडकते, फक्त थोडी आत जाऊन अडकते, म्हणजे काढायला जास्त अवघड.

आता तापीचं. तापी-गिरणेची वाळू जाड, खरखरीत, दाबली की दाणा दाण्यात अडकतो. आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात नदीचं पाणी जिथं आहे तिथंच असतं, गाडी रुतली तर आपण गावात जाऊन कुणाचा तरी ट्रॅक्टर आणतो, दुपार झाली तरी बिघडत नाही. समुद्र तेवढा वेळ देत नाही. तिथली वाळू बारीक, वरचा सुरूच्या बनाजवळचा कोरडा पट्टा अगदी भुसभुशीत, त्यात चाक लगेच बसतं, आणि खालचा ओला पट्टा असा घट्ट लागतो की माणसाला वाटतं रस्ताच आहे. फसवतो तो हा ओला पट्टा. चालती गाडी त्याच्यावरून जाते, पण तीच गाडी पाण्याजवळ उभी केली की खालून वाळू निघायला लागते.

मी स्वतः यात सापडलोय म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय. पंधराएक वर्षं झाली असतील, दापोली तालुक्यातलाच एक किनारा, सकाळची वेळ, ओहोटी पुरी लागलेली. मी गाडी थेट खाली उतरवली, पाण्यापासून वीसेक पावलांवर उभी केली, आईनं डबा उघडला, कळण्याच्या पुऱ्या नि ठेचा, आम्ही खात बसलो. तास-दीड तासानं एक लाट मागच्या चाकाला लागली. लाट येताना काही होत नाही, ती परत जाताना बघायचं असतं, टायरच्या दोन्ही अंगांनी वाळू ओढून नेते, टायरमागे ओंजळभर खड्डा पडतो, आणि पाच-सहा लाटांत तोच घमेल्याएवढा होतो. डावं मागचं चाक वीतभर खाली गेलं. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, चाक फिरलं, वाळू उडाली आणि गाडी पोटावर बसली. गावातले कोळी धावत आले, दहा-बारा जण असतील. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आधी मला खाली उतरवलं, चारी टायरची हवा निम्मी काढायला लावली, पोरांनी हातानं पोटाखालची वाळू उकरली, होडी ओढताना खाली घालतात तसल्या फळ्या चाकांखाली सरकवल्या, मग मला बसवून म्हणाले, आता हळू, अजिबात घाई नाही. गाडी निघाली तेव्हा पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं. आई लांब उभी, एका हातात डबा, दुसऱ्या हाताला नातू, आणि ती एवढंच म्हणाली, "गाडी पानीमां कसाले लयी गया रे भाऊ?" मला काही बोलता आलं नाही. त्या कोळ्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला.

आणि हे नुसतं गाडीचं झालं. किनाऱ्यावर लेन नसते, झेब्रा क्रॉसिंग नसतं, पोरं वाळूत खड्डे करून त्यात बसलेली असतात, लाटांच्या आवाजात मागून आलेली गाडी ऐकू येत नाही, आणि उंच बोनेटच्या गाडीतून समोर बसलेलं तीन वर्षांचं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही. ओल्या वाळूवर ब्रेक मारला की गाडी घसरत जाते आणि जोरात वळवली तर बाहेरच्या अंगाचं चाक रुतून उलटूही शकते. अकरा जणांत लहान मुलं असतीलच तुमच्यात, तेवढा विचार करा.

कायद्याचं विचारलं नाही तुम्ही, पण सांगतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं हा सरळ गुन्हा आहे. आपल्या कोकणातही बऱ्याच किनाऱ्यांवर बंदीचे बोर्ड आहेत, आणि बोर्ड नसला तरी बेदरकार गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागू शकतं. रीलमधे नंबर प्लेट दिसते, म्हणजे पुरावा आपणच करून दिला. रील हवीच असेल तर गाडी वर रस्त्याच्या कडेला लावा, मागे समुद्र घ्या, तशीही छान येते.

प्रश्न (एक वाचक, भुसावळ) : भरती-ओहोटीची वेळ मोबाइलला रेंज नसताना कशी कळणार? आम्ही नदीकाठचे लोक, यातलं काहीच माहिती नाही.

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलात, आणि उत्तर आपल्या पंचांगातच आहे. तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून मोजलेली तिथी घ्या, तिला पाऊणनं गुणा, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, असं दिवसातून दोनदा, आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या आसपासचा आहे, रत्नागिरी-मालवणकडं भरती थोडी आधी येते, म्हणून एक तास मागेपुढे धरायचा आणि किनाऱ्यावर जो कोळी जाळं सोडवत बसलेला असेल त्याला विचारायचं, त्याच्याइतकं नक्की कुणी सांगणार नाही.

आता यातली दिवाळीची गोष्ट नीट लक्षात घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा जास्त लांब मागे जातं, आणि हा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवस तसाच राहतो. म्हणजे आपली माणसं भाऊबीज करून निघतात आणि नेमकी उधाणाच्या दिवसांत किनाऱ्यावर पोचतात. तृतीयेचं धरा. भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे तिच्या आधीची ओहोटी सकाळी आठला. लोक चहा-पोहे करून साडेआठला खाली येतात, समोर क्रिकेटच्या ग्राउंडएवढी मोकळी घट्ट वाळू, गाडी आत घेतात, पोरं पाण्यात जातात. पाणी चढायला लागतं तेव्हा पहिल्या तासात काही कळतच नाही, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढून जातं, म्हणजे दहा ते बारा. उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर पाणी हातभर उंच चढलं तरी आडवं कितीतरी पावलं आत येतं. आदल्या भरतीची खूण बघायला शिका, वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची एक वाकडीतिकडी रेघ असते, त्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला काहीच ठेवायचं नाही, गाडी नाही, चपला नाहीत, झोपलेलं पोरही नाही. आणि खाडीच्या तोंडाशी तर पायी जातानाही जपून, तिथली वाळू खालून पोकळ, पाण्यानं भरलेली असते.

प्रश्न (एक वाचक, जळगाव) : आम्ही केरळला चाललोय, तिथं एका बीचवर गाडी चालवायला परवानगी आहे असं वाचलं. तिथं तरी चालवावी का? काय काळजी घ्यायची?

उत्तर : हो, कण्णूर जिल्ह्यातलं मुळप्पिलंगाड. चारेक किलोमीटरचा सपाट, घट्ट वाळूचा किनारा आहे आणि लोक तिथं गाड्या चालवतात. परवानगी आहे तिथं चालवायला माझी हरकत नाही, फक्त ओहोटीच्या वेळी जा, त्या दिवशी गेट उघडं आहे का विचारा, आणि तिथले लोक सांगतील तेवढ्याच पट्ट्यात राहा.

टायरमधे नेहमी बत्तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. घट्ट वाळूवर थोडी कमी केली तरी पुरतं, मऊ लागली तर अठरा-वीसपर्यंत आणायची. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, उंटाच्या पायासारखा, आणि वजन वाटलं जातं. पंधराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटतो. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर सोबत असलाच पाहिजे, कारण तेवढ्या हवेवर डांबरी रस्त्यावर गाडी पळवली तर टायर तापून फुटतो. चालवताना एकाच गतीनं, वळण मोठं घ्या, थांबायचं असेल तर ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडून द्या, ती आपोआप थांबते, आणि थांबवायची ती तोंड उताराकडं करून.

रुतलीच तर चाक एकदा फिरलं की पाय काढायचा. ही एक गोष्ट पाळली तर निम्म्या गाड्या सुटतात. आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समधे हळूच बघा. नाही निघाली तर सगळ्यांना उतरवा, चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू काढा, मग गोणपाट, फळ्या, नारळाच्या झावळ्या जे मिळेल ते घाला. जॅक वाळूवर थेट लावला तर तो स्वतःच आत जातो, खाली रुंद फळी ठेवा, आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणी हात घालायचा नाही. दुसऱ्या गाडीनं ओढायची असेल तर दोरी बंपरला बांधू नका, बंपरवर एक छोटं झाकण असतं ते काढून टूलकिटमधला हूक आट्यांत घट्ट फिरवून बसवतात, त्यालाच बांधा, आणि दोरी ताणलेली असताना पोरांना दोरीच्या लांबीच्या दुप्पट लांब उभं करा. तुटलेली वायर रोप माणसाचा पाय तोडू शकते. ऑटोमॅटिकवाल्यांनी फार वेळ झटापट करू नये, गिअरबॉक्स तापतो.

प्रश्न (एक भगिनी, शहादा) : गेल्या डिसेंबरात आमची गाडी समुद्राच्या पाण्यात थोडी गेली होती. घरी येऊन वरून धुतली. आता मागून ब्रेकचा करकर आवाज येतो आणि खाली गंज दिसतोय. आपल्याकडे तर हवा इतकी कोरडी, मग गंज कसा?

उत्तर : ताई, मीठ घरात पावसाळ्यात ओलं होतं ना बरणीत, तसंच गाडीखालचं मीठ. उन्हाळाभर ते कोरडं बसून राहतं आणि मृगाचा पाऊस पडला की ओल धरतं, मग आपली हवा कोरडी असून उपयोग नाही. वरून धुणं हे निम्म्यापेक्षाही कमी काम आहे. गाडी लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायला हवी, चाकांच्या आतल्या बाजू, स्प्रिंगच्या बैठका, दाराखालची पोकळी, सायलेन्सरच्या वरचा भाग, आणि हे त्याच दिवशी, तिथल्याच वॉशिंग सेंटरला. आता इतके महिने झालेत तर मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून घ्या, आत वाळू नि गंज असणार, ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, म्हणजे शूज, साफ करून किंवा बदलून आवाज जाईल. बेअरिंगही बघायला सांगा. गंजावर नुसतं अंडरबॉडी कोटिंग मारून घेऊ नका, आधी घासून काढायला लावा, नाहीतर आत गंज चालूच राहतो. आणि पुढच्या वेळी खाऱ्या पाण्यातून आल्यावर रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, शूज ड्रमला चिकटतात, गिअरमधे ठेवून चाकाला दगड लावा.

पाणी इंजिनपर्यंत गेलं असं कुणाचं झालं तर स्टार्टर मारायचाच नाही, टो करून न्या. पाणी गेलेलं असताना स्टार्ट केल्यानं इंजिन फुटलं तर साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ते धरत नाहीत, इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं.

प्रश्न (इयत्ता नववी, यावल) : गाड्यांमुळे कासवांना त्रास होतो असं सरांनी सांगितलं. तो कसा?

उत्तर : बेटा, सर बरोबर सांगतात. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेघेच्या वर कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. वरून काहीच दिसत नाही. त्याच्यावरून गाडी गेली की वाळू दाबली जाते, अंडी फुटतात किंवा पिल्लांना वर येता येत नाही. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात, तुझ्या तळहातावर दोन-तीन मावतील एवढी, आणि उजेड दिसेल तिकडं चालायला लागतात, म्हणून हेडलाइटनं ती समुद्र सोडून उलटीकडं जातात. टायरची चाकोरी आपल्याला चार बोटं खोल वाटते, त्यांना ती भिंत असते. त्यात पडलं की पिल्लू समुद्राकडं न जाता चाकोरीतून लांबच लांब चालत राहतं, आणि सकाळी तिथं कावळे येतात. मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे, तिथं २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली. सरांना सांग, सहल मार्चमधे काढा, सकाळी लवकर पोचा, आणि बस गावातच उभी करून किनाऱ्यावर चालत जा.