‘द ड्रीमर्स’ हा चित्रपट विद्यार्थी आंदोलनावर आहे म्हणतात, मग त्यात आंदोलन कमी आणि नग्नताच जास्त का?

बर्नार्दो बेर्तोलुचीचा हा २००३ चा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं. पॅरिस, १९६८, रस्त्यावर विद्यार्थी आणि पोलीस समोरासमोर. आणि कॅमेरा मात्र इझाबेल, थिओ ही जुळी भावंडं आणि त्यांचा अमेरिकन मित्र मॅथ्यू यांच्यासोबत एका प्रशस्त फ्लॅटमध्ये. माझं मत बदललं ते त्या आंदोलनाबद्दल वाचल्यावर.

पॅरिसच्या वेशीवरच्या नाँतेर विद्यापीठात मुलांना मुलींच्या वसतिगृहात जायला बंदी होती. १९६७ मध्ये मुलं तिथे ठाण मांडून बसली, तेव्हा थेट पोलीस आले. जानेवारी १९६८ मध्ये युवक आणि क्रीडा मंत्री मिसोफ तिथल्या पोहण्याच्या तलावाच्या उद्घाटनाला आले. तरुणांवरच्या तुमच्या जाडजूड अहवालात लैंगिक प्रश्नांवर एक अक्षरही कसं नाही, असं तिथला विद्यार्थी नेता दानिएल कोन-बेंदितने त्यांना तोंडावर विचारलं. मंत्र्यांनी त्याला तलावात बुडी मारायला सांगितलं. चार महिन्यांनी पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांचे बॅरिकेड उभे राहिले. पुण्यात हॉस्टेलचं फाटक फक्त मुलींसाठी लवकर बंद होताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातला राग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

सिनेमाचंही तसंच, तोही त्या आंदोलनाचा भाग होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये आंरी लांग्ल्वा यांना सिनेमातेक या त्यांनीच उभ्या केलेल्या पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयातून काढलं, म्हणून चित्रपटवेडे रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, आणि एप्रिलमध्ये लांग्ल्वा परत रुजू झाले. चित्रपटात अभिनेता जाँ-पिएर लेओ त्या निदर्शनातलं पत्रक वाचतो. मध्येच त्याचंच १९६८ चं खरं चित्रण येतं: तोच माणूस, तेच शब्द, चेहरा पस्तीस वर्षांनी तरुण. मला तिथे दरवेळी भरून येतं.

पण फ्लॅटमधल्या त्या मोकळेपणाला बेर्तोलुची मुक्ती म्हणतो, असं मला वाटत नाही. स्वयंपाकघरातला प्रसंग आठवा. सिनेमाच्या कोड्यात हरल्याची शिक्षा म्हणून थिओ बहिणीला आणि मॅथ्यूला एकत्र यायला लावतो आणि स्वतः शेजारी शांतपणे अंडी तळत राहतो. एवढ्या बिनधास्त वाटणाऱ्या इझाबेलची ती पहिलीच वेळ असते. ज्यात मुलीला नाही म्हणायची सोयच नाही, त्याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं? आणि हे सगळं चालतं वडिलांच्या पैशावर. थिओ माओबद्दल तावातावाने बोलतो तेव्हा मॅथ्यू त्याला सुनावतो, खरंच पटत असतं तर तू आता बाहेर असतास, इथे वडिलांची महागडी वाइन पीत बसला नसतास. आपल्याच शहरात काय पेटलंय हे इझाबेल आणि मॅथ्यूला कळतं ते दुकानाच्या काचेआडच्या टीव्हीवरून.

(शेवट पाहिला नसेल तर इथेच थांबा.) आईवडील येतात, हॉलमधल्या तंबूत तिघं उघडी झोपलेली पाहतात आणि काही न बोलता चेक ठेवून निघून जातात. तो चेक पाहून इझाबेल गॅसची नळी तंबूत ओढून घेते. तेवढ्यात रस्त्यावरून आलेला दगड खिडकीची काच फोडतो. ज्या आंदोलनाला तुम्ही शोधत होतात, ते इथे घरात येतं आणि तिघांचा जीव वाचवतं. खाली थिओ पेट्रोलची बाटली उचलतो, मॅथ्यू त्याला अडवू पाहतो, थिओ बहिणीचा हात धरून पुढे धावतो. मॅथ्यू गर्दीतून एकटा उलट दिशेने चालू लागतो, आणि मी अजूनही त्याच्याच बाजूने आहे.