रक्तस्रावानंतरची चिडचिड: 'रसायनं' म्हणण्याआधी गोळ्या बघा

वडिलांना ब्रेन हॅमरेज होऊन तीन महिने झाले, सीटी स्वच्छ आला, तरी ते एकदम अंगावर येतात आणि मग रडतात. डॉक्टर म्हणतात मेंदूतली रसायनं बिघडलीत, तर ती मोजायची टेस्ट कुठली, असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच आमच्याकडे दादाच्या बाबतीत चाललं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

टेस्टचं म्हणाल तर रक्तातलं सेरोटोनिन (मूडशी संबंधित रसायन) मोजून मेंदूत काय चाललंय ते कळत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

रसायनं बदलतात हे खरंच आहे. साचलेलं रक्त विरघळताना हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं आणि आसपासच्या पेशींना इजा करतं. ती साफसफाई कित्येक आठवडे चालते. स्कॅन निवळला म्हणून आतलं सगळं निवळलं असं होत नाही. स्ट्रोकनंतर (ब्रेन हॅमरेज हाही स्ट्रोकच) साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, तेही नाटक नसतं. पण या एका कारणाखाली बाकीचं सगळं ढकलून देतात, त्याचा मला राग आहे.

दादाला ऑपरेशननंतर फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम सुरू केलं होतं. फिट एकदाही आलेली नव्हती. डिस्चार्ज कार्डावर त्या गोळीपुढे फक्त 'चालू ठेवा'. कधीपर्यंत, बंद कोण करणार, काही नाही. फॉलोअपला सर्जन टाके आणि स्कॅन बघायचे, ज्युनियर जुनी चिठ्ठी जशीच्या तशी उतरवायचा. चिडचिडीचं काढलं की ठरलेलं उत्तर, 'एवढं मोठं दुखणं झालंय, होणारच.' इकडे घरी वहिनीनं पंखा एक नंबरानं कमी केला म्हणून त्यानं रिमोट भिंतीवर फोडला, आणि थोड्या वेळानं स्वतःच खाली बसून तुकडे गोळा करत हुंदके देत होता.

शेवटी दुसरीकडच्या एका न्यूरोलॉजिस्ट बाईंनी फाइल उघडायच्या आधी गोळ्यांची पाकिटं मागितली. चिडचिड, आक्रमकपणा हा या औषधाचा माहितीतला दुष्परिणाम आहे, गोळीबरोबरच्या कागदावरही छापलेला असतो. फिट आलेलीच नसेल तर अशा प्रतिबंधक गोळीनं फायदा दिसत नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. बाईंनी डोस हळूहळू उतरवला. भडका उडणं खूपच कमी झालं. रडू अजून पटकन येतं, म्हणजे ते मूळ दुखण्याचंच असावं.

तुमच्या वडिलांना फिट आली असेल तर हिशोब वेगळा. आणि काहीही असलं तरी गोळी मनानं बंद करू नका. अचानक सोडल्यानं फिट येऊ शकते.

मोजण्यासारखं खरंच काही हवं असेल तर सोडियम, थायरॉइड आणि सकाळचं कॉर्टिसॉल (शरीरातलं एक हार्मोन) यांबद्दल विचारा, विशेषतः अॅन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा) फुटून रक्तस्राव झाला असेल तर. त्यात सोडियम उतरतं, पुढे पिट्युटरी ही मेंदूतली हार्मोनची ग्रंथीही मंदावू शकते, आणि माणूस नुसता सुस्त, गोंधळलेला दिसतो.

फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी सुरू करा, हातपाय लवकर सुधारतात, असं कोणीतरी सांगेलच. 2011 च्या फ्रेंच अभ्यासानं तशी आशा दाखवली होती. 2018 मध्ये तीन हजारांहून अधिक स्ट्रोकच्या रुग्णांवरच्या फोकस चाचणीत ती टिकली नाही. नैराश्याचं प्रमाण थोडं कमी झालं, हाडं मोडण्याचं वाढलं. शिवाय या गटातल्या औषधांनी रक्तस्रावाची शक्यता किंचित वाढते. खरं नैराश्य असेल तर माझा विरोध नाही, पण रक्तस्रावाचा हा प्रश्न डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्या.

जाता जाता, गोळीची वेळ आणि भडक्याची वेळ एका वहीत लिहून न्या. 'फार चिडतात' हे तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही, कागद निदान वाचतात. वडिलांना फिट आली होती का आणि कार्डावर काय काय गोळ्या आहेत, तेवढं लिहा.